आनंद आणि नियम

अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलमध्यें चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला म्हणजे ६ गुणांचें 'टचडाउन' होतें. पुढें चेंडू लाथेनें खांबांमधून धाडल्यास सातवा गुण मिळतो. परंतु आनंदाच्या भरांत चेंडू उंच उडविल्यास १५ यार्डांचा दंड होतो. २००८ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेक लॉकरनें २ सेकंद उरले असतां टचडाउन करून चेंडू वर फेंकला. दंडामुळें बरोबरीची लाथ दुरून मारावी लागली. ती अडविली गेली व ब्रिगहॅम यंग विद्यापीठानें सामना २८-२७ असा जिंकला. प्रतिपक्षाचा मान राखावा हा नियमाचा हेतु योग्यच. परंतु निर्मळ हर्षास उपहासाचेंच माप लावणें आम्हांस कठोर वाटतें. तथापि, विद्यार्थीहो, एकाच्या क्षणिक उल्हासाचें मोल सर्व सोबत्यांस द्यावें लागलें, हें विसरूं नये.