खाजणांतला निवटा

कोंकणपट्टीच्या खाड्यांस ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या मुळांशीं उघड्या पडलेल्या चिखलावर कांहीं लहान मासे सरपटतांना व उड्या मारतांना दिसतात. आपले कोळी बांधव यांस निवटे म्हणतात. कोठें निवटी असेंही नांव आहे. पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडून मरतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. मग हा आपण होऊन बाहेर येतो व जगतो, तो कसा?

इतर माशांप्रमाणें यासही कल्ले आहेत. पण तो त्यांवरच विसंबत नाहीं. ओल्या कातडींतून, तसेंच तोंडाच्या व घशाच्या आंतल्या त्वचेंतून तो हवेंतील प्राणवायु घेतो. कातडी सुकली कीं हा मार्ग खुंटतो, म्हणून तो वरचेवर चिखलांत लोळतो. (लोळणाऱ्यास आपण आळशी म्हणतों, याचें लोळणें मात्र कामाचें आहे.) छातीचे दोन पर कुबड्यांसारखे पुढें टेकून तो चालतो. माथ्यावरचे डोळे आंत ओढून ओले करून घेतो.

खरें नवल त्याच्या बिळांत आहे. चिखलांतल्या त्या पाण्यांत प्राणवायु फारच थोडा; अंडीं तेथें गुदमरावयाचीं. जपानांतील एका जातीचा अभ्यास इ. स. २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, नर ओहोटीच्या वेळीं तोंडांत हवा भरून नेतो व अंड्यांच्या खोलींत सोडतो; अंडीं त्या हवेंत वाढतात. वाढ पुरी झाली म्हणजे रात्रीच्या भरतींत तोच नर ती हवा तोंडानें बाहेर काढतो. पाणी वर चढतें, आणि तें लागतांच अंडीं फुटतात.

खाडी बुजविली तरी मासे समुद्रांत जातील, असें कित्येक म्हणतात. आमच्या मतें निवट्याविषयीं हें बोलणें अज्ञानाचें आहे. भराव टाकला तर त्याचा चिखल गेला; बांध घालून भरती अडविली तर त्याचें बीळ सुकलें. ठाण्याची खाडी २०२२ मध्यें रामसर पाणथळांच्या यादींत आली, हें बरें झालें. परंतु गांवोगांवच्या लहान खाड्या त्या यादींत नाहींत, आणि बिळांत हात घालून निवटे धरणाऱ्या कुटुंबांची चूल त्यांवरच पेटते. अशा ठिकाणीं भरावाची गोष्ट निघाली, म्हणजे गांवकऱ्यांनीं ओहोटीच्या वेळीं जाऊन बिळें पाहावीं, आणि पूर्वीं भरती कोठपर्यंत येत असे, हें निवटे धरणाऱ्या वृद्धांस विचारावें.