खारें पाणी व गाडीचें लोखंड

विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी असून तिच्या कांठीं खारफुटी व मिठागरांच्या जमिनी आहेत. अशा खाजणाच्या वाटेनें अथवा समुद्राच्या वाळूवरून चारही चाकांस जोर असलेली जीप नेल्यास तिच्या खालच्या अंगास खारा चिखल बसतो. पाणी वाळलें म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं मॅग्नेशियम क्लोराइड हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्यामुळें वरून कोरडें दिसणारें लोखंड सांध्यांत ओलें राहून गंजत जातें. ब्रेकची नळी अशीच गंजून फुटल्यास जिवावर बेततें.

याकरितां पुढील उपाय करावे :

(१) त्याच दिवशीं, ब्रेक थंड झाल्यावर, चिखल भिजवून काढावा व खालून भरपूर गोडें पाणी मारावें.

(२) सांगाड्याचीं पाणी निघण्याचीं भोकें मोकळीं करून कमानपाट्यांच्या फटी धुवाव्या.

(३) गाडी पूर्ण वाळल्यावरच उघड्या लोखंडास ग्रीस लावावें. मिठावर लावल्यास मीठ आंत कोंडतें. ब्रेकच्या चकत्यांस व रबरास तें लागूं देऊं नये.

नांगराचा फाळ पुसून ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंस ही मेहनत जड वाटूं नये.