प्रवेश मिळाला, आतां कोठें जावें?



बारावीचा निकाल लागून गुणवत्ता याद्या प्रसिद्ध झाल्या, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचीं नांवें दोन-तीन महाविद्यालयांच्या याद्यांत झळकतात. घरीं पेढे वांटले जातात, शेजारीपाजारी पाठ थोपटतात, आणि शाळेलाही धन्यता वाटते. परंतु याच आनंदाच्या दिवसांत एक नवा प्रश्न दाराशीं येऊन उभा राहतो. आजवर ‘मला कोण घेईल?’ ही चिंता होती. आतां ‘मीं कोठें जावें?’ हें ठरवावयाचें असतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर गुणांनीं दिलें. दुसऱ्याचें विवेकानेंच द्यावें लागतें. शुल्क भरण्याची मुदत मात्र थोडी असते, आणि घाईनें केलेली निवड तीन वर्षें सोबत करते.

प्रथम आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याला, शेतकऱ्याच्या मुलाला, दोन ठिकाणीं प्रवेश मिळाला. एक महाविद्यालय मोठ्या शहरांतील, नांवाजलेलें; दुसरें जिल्ह्याच्या ठिकाणचें, त्याच्या घरापासून एस. टी.नें तासाभराच्या वाटेवरचें. तो आमचा सल्ला घेण्यास आला. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां मोठें नांव सुचविलें व सर्वांसमक्ष त्याचें कौतुक केलें. राहण्याची सोय काय, जेवणाचा खर्च किती, हें विचारण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं. वसतिगृहांत त्याला जागा मिळाली नाहीं. त्यानें एका खोलींत चौघांबरोबर कॉट भाड्यानें घेतली. भाडें व खाणावळ यांत वर्षाचे पैसे दिवाळीपर्यंत संपले. वडिलांनीं गाय विकली. तरीही भागेना, तेव्हां मुलगा पुस्तकें बांधून परत आला. एव्हांना दुसऱ्या महाविद्यालयांतील जागा भरून गेली होती. एक वर्ष वायां गेलें. पुढील वर्षीं त्यानें जिल्ह्याच्या महाविद्यालयांत नांव घातलें व तो पदवीधर झाला. तो आम्हांस कधीं कांहीं बोलला नाहीं; परंतु त्याचे वडील बाजारांत भेटले, कीं आमचीच मान खालीं जाते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत प्रभु येशूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. जो आधीं बसून खर्चाचा हिशेब करीत नाहीं, त्याचें काम पायाशींच अडतें व लोकांत हंसें होतें, असा त्याचा आशय. तो दाखला शिष्यत्वाविषयींचा आहे खरा. तथापि आधीं बसावें व हिशेब करावा, ही शिकवण येथेंही लागू पडते. आमच्या मतें हा हिशेब चार बाबींचा असावा.

पहिला विषयाचा. जो विषय तुम्हांस मुख्य म्हणून घ्यावयाचा आहे, तो त्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षापर्यंत शिकवितात काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० प्रमाणें तीन वर्षांनीं पदवी व चौथें वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्सची पदवी, अशी रचना आहे. तें चौथें वर्ष तेथें आहे किंवा नाहीं, हें आतांच विचारून ठेवावें. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितें. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते, हेंही ध्यानांत असावें.

दुसरा पैशाचा. एकाच महाविद्यालयांत अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असूं शकतात, आणि त्यांच्या शुल्कांत मोठें अंतर असतें. तुमचें नांव कोणत्या तुकडीच्या यादींत आहे, तें नीट वाचावें. शिष्यवृत्ति मंजूर झाली तरी पैसे हातीं येण्यास वेळ लागतो. ती पहिल्या महिन्याच्या जमेंत धरूं नये.

तिसरा वेळेचा. रोज जाण्यायेण्यांत चार तास गेले, तर अभ्यासाला काय उरतें? त्या रस्त्यानें एकदां स्वतः जाऊन पाहावें.

चौथा माणसांचा. तेथें शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास गांठून विचारावें: तास नियमित होतात काय? ग्रंथालय व प्रयोगशाळा उघड्या असतात, कीं कुलुपांत? प्राध्यापक शंका ऐकून घेतात काय? माहितीपत्रकांतील चित्रांपेक्षां ही उत्तरें अधिक खरीं असतात.

मोठें नांव मुळींच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. मुंबईचें विल्सन महाविद्यालय, ज्याचें मूळ डॉ. जॉन विल्सन यांच्या १८३२ सालच्या शाळेंत आहे, तेथीलच सेंट झेवियर्स (१८६९) किंवा पुण्याचें फर्ग्युसन (१८८५), यांनीं कित्येक पिढ्या घडविल्या. परंतु १९४७ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढलें, आणि त्याच सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, अहमदनगर महाविद्यालय स्थापिलें, तें कशासाठीं? खेड्यापाड्यांतील मुलांस उच्च शिक्षण आपल्या जिल्ह्यांतच मिळावें म्हणून. कर्मवीरांच्या ‘कमवा व शिका’ योजनेंत मुलें अंगमेहनत करून शिकलीं. जवळचें तें हलकें, असें मानणें हा या थोर पुरुषांच्या श्रमांचा अनादर होय.

पालकांसही एक विनंति. शेजाऱ्याचा मुलगा कोठें गेला, हा आपला निकष नसावा. तसेंच मुलगी आहे म्हणून केवळ जवळचें महाविद्यालय पाहूं नये. तिचाही हिशेब याच चार बाबींनीं व्हावा. एका संध्याकाळीं मुलाला वा मुलीला जवळ बसवून कागदावर दोन रकाने पाडावेत, व घरची जमाखर्चाची स्थिति मोकळेपणानें सांगावी. खरी स्थिति ऐकून मुलें खचत नाहींत; तीं शहाणीं होतात.

निवड झाली, कीं तिच्यावर मन स्थिर करावें. जें सोडलें त्याच्याकडे वळून उसासे टाकूं नयेत. आणि शेवटची गोष्ट: जी जागा तुम्ही घेणार नाहीं, ती विनाविलंब मोकळी करा. प्रतीक्षायादींत खालीं कोणाचें तरी लेकरूं त्या एका जागेची वाट पाहत असेल. देव तुम्हां सर्वांस सुबुद्धि व सुयश देवो.