वराहपिलांच्या पंगतीतील जागा

डुकरीण व्याल्यानंतर काही मिनिटांतच पिले उठतात आणि कासेचा शोध घेऊ लागतात. पुढील दोन-तीन दिवस त्यांच्यात जी झटापट चालते, ती पाहणाऱ्यास केवळ दंगामस्ती वाटते. वस्तुतः तेथे प्रत्येकाच्या पोषणाचा निवाडा होत असतो. पिलांना जन्मतःच सुईसारखे ८ दात असतात व या झटापटीत ते कामी येतात. आठवडाभरात प्रत्येकाचा सड ठरतो आणि दूध तुटेपर्यंत पिलू बहुधा त्याच सडावर येते. पुढचे सड सहसा दांडग्या पिलांकडे जातात. दुबळी मागे सरतात.

एवढी ओढाताण का होते, याचे उत्तर पान्ह्यात आहे. गाईच्या कासेत काही दूध साठून राहते. डुकरिणीच्या कासेत तशी पोकळी जवळजवळ नसतेच. साधारणतः तासाभराने ती पिलांना जवळ घेते. पिले नाकाने कास ढुसतात, तिच्या घुरघुरण्याची लय वाढते आणि पान्हा सुटतो, तोही अवघा २० सेकंदांच्या आसपास. त्या वेळी जागा शोधत फिरणाऱ्या पिलास काहीच मिळत नाही. भुकेले पिलू उबेसाठी आईला बिलगून राहते व तिच्या अंगाखाली सापडते. नोंदवहीत ‘चिरडून मृत्यू’ असे लिहिले जाते. मूळ कारण अनेकदा भूक असते.

रोगप्रतिकारक द्रव्ये पिलास वारेतून मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात. आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जेमतेम पहिला दिवसभर टिकते. म्हणून चीक प्यालेली दांडगी पिले तासभर उबदार करंडीत ठेवून लहानांना आधी कासेला लावावे. सडांपेक्षा पिले अधिक असल्यास जादा पिले त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीकडे द्यावीत. मात्र हे काम चीक पाजल्यानंतर, पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकावे. ज्या सडाला कोणी लागत नाही, तो दोन-तीन दिवसांत आटू लागतो. उशिरा आलेल्या पिलास मग ना जागा, ना दूध. येथे बहुतेकजण दुबळे पिलू पाठवतात, ही चूकच होय. परक्या कासेवर जागा मिळविण्यास दांडगे पिलूच समर्थ असते.

पालकाने रोज एकदा तरी पान्ह्याच्या वेळी वराहगृहात उभे राहावे. इतर पिले घुटके घेत असताना जे सडावरून सडाकडे भटकते, त्याच्या पाठीवर रंगाची खूण करावी व पुढील पान्ह्यास प्रथम त्याच्याकडेच पाहावे.