अद्भुतकथा लिहायचीय? आधी अट शोधा!



आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जाऊन ‘ड्रॅगन म्हणजे काय’ असं विचारा. उत्तर लगेच मिळेल, वर चार सिनेमांची नावंही मिळतील. मग विचारा, ‘साती आसरा कोण?’ किंवा ‘आळ्याला रेड्याची समाधी का आहे?’ गावाकडची दोन-चार मुलं सोडली तर बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मी स्वतः कॉन्व्हेंटची. हॉगवर्ट्सची चारही हाउसेस मला पाठ आहेत. जुन्नर-आंबेगावच्या गोष्टी मात्र हॉस्टेलला आल्यावर, मेसच्या मावशी आणि इथल्या मैत्रिणींकडून कळल्या.

पुराणं आणि लोककथांवर बेतलेल्या फँटसीची सध्या चलती आहे. अमीश यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० साली आली आणि तशा कादंबऱ्यांची रांगच लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या वहीच्या मागच्या पानावर अशी एखादी कथा अर्धवट पडलेली असेल. म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा आहे : लोककथेतून नेमकं घ्यायचं काय?

नावं, मुकुट, शस्त्रं आणि राक्षस घेतले की झालं, असा समज असतो. माझ्या मते हा फक्त कपडेपट झाला. खरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोककथेतली अट. अट म्हणजे काय केलं तर चालतं, काय केलं तर चालत नाही, आणि मोडलं तर किंमत कोण भरतो. फँटसीत वाट्टेल ते घडतं असं म्हणतात, पण ते खरं नाही. वाट्टेल ते घडत नाही, म्हणूनच तर गोष्ट रंगते. आपल्या भाषेत सांगायचं तर बाउंडरी कंडिशन दिल्याशिवाय इक्वेशन सुटत नाही, तसंच हे!

तीन डोक्यांचा कुत्रा आणि उसने हातपाय

सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात (१९९७) तीन डोक्यांचा कुत्रा आहे, फ्लफी. तो मूळचा ग्रीक पुराणातला सर्बेरस, पाताळाचा राखणदार. रोलिंगबाईंनी त्याची नुसती तीन डोकी घेतली नाहीत. ऑर्फियस आपल्या वाद्याने त्या कुत्र्याला भुलवून पाताळात शिरतो, ही जुनी कथा. फ्लफीसुद्धा संगीत ऐकलं की झोपतो आणि संगीत थांबलं की जागा होतो. म्हणजे प्राणी आला तो अटीसकट आला, आणि त्या अटीवर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. नायजेरियाचे आमोस तुतुओला यांनी ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ ही कादंबरी १९५२ साली छापली. तिच्यात योरुबा लोकांच्या कथा आहेत. त्यातल्या एका कथेत बाजारात एक अतिशय देखणा पुरुष येतो आणि एक मुलगी त्याच्यामागे चालू लागते. वाटेत तो आपले हात, पाय एकेक करून मूळ मालकांना परत करत जातो, कारण सगळे अवयव त्याने भाड्याने आणलेले असतात! शेवटी उरते नुसती कवटी. अट साधी आहे : भाड्याने आणलेलं भाड्यासकट परत करावं लागतं. ही कथा कर्ज काढून बाइक घेणाऱ्या माणसालाही कळेल आणि लागेल.

‘तुंबाड’ (२०१८) हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. त्यातला हस्तर कुठल्याही पुराणात सापडणार नाही, तो रचलेला आहे. पण सोनं त्याच्याजवळ राहील, अन्न मात्र मिळणार नाही आणि त्याची पूजा कुणी करणार नाही, ही अट अस्सल लोककथेच्या जातीची आहे. म्हणून तो खोटा वाटत नाही.

सातवाहनांचा कथाकार

आता आपल्या भागाकडे येऊ. जुन्नरपासून नाणेघाटात गेलात तर तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा शिलालेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. तिथे राजघराण्यातल्या लोकांच्या प्रतिमा होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली पायांचे अवशेष तेवढे उरलेत. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून जुन्नर आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, असा हा व्यापारी रस्ता होता.

याच सातवाहनांच्या दरबाराशी परंपरेने एका कथाकाराचं नाव जोडलं आहे : गुणाढ्य. त्याची कथा अशी. जलक्रीडेत राणी राजाला संस्कृतात सांगते, ‘मोदकैः’. म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाला संधी कळत नाही, तो लाडू मागवतो! सगळे हसतात. लाजलेल्या राजाला संस्कृत शिकायचं असतं. गुणाढ्य म्हणतो सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित म्हणतो सहा महिने पुरे. गुणाढ्य पैज लावतो की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. पैज तो हरतो. मग उरते फक्त पैशाची, पिशाचांची भाषा. त्या भाषेत तो अरण्यात बसून सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ती नाकारतो. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. ते चरणं विसरून रडत ऐकत राहतात. राजा धावत येतो तेव्हा एक लाख श्लोक शिल्लक असतात.

मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यातून तिच्या कथा आपल्यापर्यंत आल्या. वेताळपंचविशी त्यातलीच. सलमान रश्दींनी १९९० साली ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ हे नाव दिलं तेव्हा हाच सागर त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

इथेही सगळं अटीवरच चाललं आहे. पैज हरलास तर भाषा सोड. आणि किंमत? सहा लाख श्लोकांची राख. दरबाराने ज्या भाषेला तुच्छ मानलं, तिच्यातच सगळ्यांत मोठा कथासंग्रह होता, हे सांगायला याहून चांगली फँटसी मला तरी माहीत नाही. इंग्रजीत प्रेझेंटेशन देताना घाम फुटणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी.

तालुक्यातल्या अटी

थोडं फिरलं की अशा अटी जागोजागी सापडतात.

जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जाता येतं. गड अकोले तालुक्यात. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात मोठी पिंड आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. लोक सांगतात, एकेका युगाबरोबर एकेक खांब पडला. चौथा पडला की कलियुग संपलं. सिव्हिलच्या मित्रांनो, एका कॉलमवर जगाचा सगळा लोड! यावर कथा सुचत नसेल तर काय म्हणावं?

आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढे भावंडांबरोबर आला आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. बोलण्याचा अधिकार कुणाला, हा या गोष्टीतला प्रश्न आहे, आणि तो अजून जुना झालेला नाही. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाचे आवाज ऐकत उभ्या आहेत. बोलणारा रेडा आणि ऐकणाऱ्या तबकड्या, दोन्ही एका बसच्या अंतरावर!

आंबेगावच्या पश्चिमेला आहुप्याकडे देवराया आहेत. देवाच्या रानातलं लाकूड तोडायचं नाही, ही तिथली अट. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं जंगल गेलं तरी देवरायांत जुनी झाडं टिकली होती. म्हणजे गोष्टीतली अट नुसती गोष्टीत राहिली नाही, तिने खरंखुरं रान राखलं.

इथे एक सावधानी. शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि प्राणाला मुकले. हा इतिहास आहे. त्याला पंख आणि जादूची तलवार लावायची गरज नाही.

वाघोबाची गोष्ट लिहिताना

सगळ्यांत अवघड उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. सह्याद्रीतल्या महादेव कोळी, ठाकर, वारली गावांत वाघोबाची पूजा होते. आश्विन वद्य द्वादशीला, बाकीचे वसुबारस करतात तेव्हा, इथल्या आदिवासी गावांत वाघबारस असते. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांत एक कथा सांगतात. एका कुमारिकेला मूल होतं. ते मोठं होऊन वाघाचं रूप घेतं आणि गुरं खाऊ लागतं. गावकरी मारायला निघतात. आई मध्ये पडते आणि करार करते : गावाने वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा, त्याने रानात राहायचं.

म्हणजे वाघोबा शत्रू नाही आणि पाळीव मित्रही नाही. तो करारातला शेजारी आहे.

आता जुन्नरकडे बघा. धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याला लपायला आणि पिलं वाढवायला जागा मिळाली. २००१ नंतर इथले बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडण्याचं प्रमाण बरंच वाढलं. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या काळात १७ वर गेले. जागेवरून उपटून टाकलेला प्राणी जास्त धोकादायक ठरला.

गोष्ट सांगितल्याने हल्ला थांबत नाही. त्यासाठी पिंजरे, रात्रीचे दिवे, बंदिस्त गोठे, शेतीला दिवसाची वीज आणि वेळेवर भरपाई लागते. पण गोष्टीने माणसाचं बघणं ठरतं, आणि इथे लिहिणाऱ्याची जबाबदारी येते. बिबट्याला सूड घेणारा राक्षस केलात तर वाचक म्हणेल, संपवा एकदाचा. त्याला गोंडस वनदेवता केलात तर ज्या घरातलं मूल गेलं त्या घराची थट्टा होते. आपल्या बॅचमध्ये, आपल्या स्टाफमध्ये अशी माणसं आहेत जी अंधार पडल्यावर उसाच्या बांधावरून घरी जातात. ती ही कथा वाचणार आहेत. कराराची गोष्ट लिहिणं कठीण आहे, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना किंमत असते. पण खरी गोष्ट तीच आहे.

आणखी एक. अशी कथा जागेला बांधलेली असते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव राहिलं, कचेरी घोडेगावला. गाव उठलं की त्याच्या विहिरीची आसरा कुठे जाते? हा प्रश्न मी गमतीने विचारत नाही. विहीर दाखवायला उरली नाही, तर पुढच्या पोरांना ती गोष्ट सांगणार कोण?

गृहपाठ

हा लेख अभ्यासाचा आहे, तेव्हा असाइनमेंट हवीच! आपल्या हॉस्टेलमध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण सगळीकडची मुलं आहेत. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आजीकडून, शेतावरच्या गड्याकडून किंवा गुराख्याकडून एक गोष्ट ऐका आणि वहीत चार रकाने करा.

१. जागा : गोष्ट नेमकी कुठल्या दगडाची, झाडाची, डोहाची?
२. अट : काय करायचं नाही?
३. किंमत : मोडलं तर कोण भरतं?
४. माणसं : ही गोष्ट आज कोण सांगतं, आणि आपण लिहिलेलं त्यांनी वाचलं तर चालेल का?

फिनलंडमध्ये एलियास लोनरोट नावाच्या डॉक्टरने खेडोपाडी पायी फिरून गाणी गोळा केली आणि १८३५ साली ‘कालेवाला’ छापलं. पुढे टॉल्किन यांना त्या पुस्तकाने झपाटलं. लोनरोट तेव्हा साहित्याचा प्राध्यापक नव्हता, दवाखाना सांभाळून त्याने हे केलं. मग आपण सबमिशन सांभाळून का करू नये? चार रकाने भरले की पहिलं पान आपोआप सुचेल. सुचलं की मराठी विभागाकडे जरूर द्या, आम्ही वाट बघतोय.