तोच प्रोग्राम, दोन उत्तरं

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत निबंध लिहून चार वर्षं झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. ज्या रात्री तो मला समजला, त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी तो रूममेटला मराठीतच समजावला होता.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. मी कॉम्प्युटरची, रूममेट सिव्हिलची. दोघींनी मिळून मिनी प्रोजेक्ट घेतला : आपल्या नवी मुंबईचे होल्डिंग पाँड. सिडकोने हे शहर वसवलं तेव्हा बरीच जमीन खाडीच्या भरतीपेक्षा खाली होती. म्हणून पावसाचं पाणी आधी तलावात साठवायचं, भरतीच्या वेळी झडपा बंद, ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत, अशी सोय केली. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले तर तलाव किती भरेल, हे मिनिटामिनिटाला मोजणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. पातळी धोक्याच्या वर गेली की स्क्रीनवर ‘धोका’, नाहीतर ‘सुरक्षित’.

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान चाललं. आलेख काढले, रिपोर्ट बाइंड केला. व्हायवाच्या दिवशी नेमका माझा चार्जर गेला. म्हणून तोच प्रोग्राम रूममेटच्या लॅपटॉपवर कंपाइल करून चालवला. रिपोर्टमध्ये पहाटे पाणी धोक्याच्या वर गेलेलं, आणि स्क्रीनवर? रात्रभर ‘सुरक्षित, सुरक्षित, सुरक्षित’! सरांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा रिपोर्टकडे, आणि शांतपणे विचारलं, “मग हे आकडे कुठून आणलेत?”

आकडे मारले नव्हते हो! पण सिद्ध कसं करणार? सरांनी एक आठवडा दिला. त्या आठवड्यात जे शिकले ते हे.

दशांश चिन्ह तरंगतं म्हणजे काय?

कॉम्प्युटर अपूर्णांक साठवतो तो ठरावीक अंकांत. अंक वेगळे, आणि दशांश चिन्ह कुठे आहे ते वेगळं. चिन्ह सरकतं, म्हणून ‘फ्लोटिंग पॉइंट’. अंकांची जागा मर्यादित, त्यामुळे प्रत्येक हिशेबानंतर थोडं कापावं लागतं. आपल्याला १/३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसं मशीनला ०.१ बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही.

किती अंक ठेवायचे आणि कसे कापायचे हे पूर्वी ज्याचं तो ठरवायचा. लांब कशाला, आपल्या मुंबईतच बघा. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आलं. त्याचा शब्द ४८ बिटांचा, अचूकता साधारण १० अंकांची. पुढे तिथेच डेक-१० आलं, शब्द ३६ बिटांचा, अचूकता ८ अंकांची. पवईच्या आयआयटीत ७० च्या दशकात रशियन ईसी-१०३० होतं. ते आयबीएम ३६० च्या घराण्यातलं. ३२ बिटांच्या शब्दात १६ पायाचे अंक, अचूकता जेमतेम ६-७ अंकांची. म्हणजे कुलाब्याहून पवईला फोरट्रानच्या कार्डांचा गठ्ठा नेला, तर प्रोग्राम तोच, पण उत्तराचे शेवटचे अंक वेगळे. कधी कधी नुसते शेवटचेच नाहीत!

हा गोंधळ १९८५ साली आयईईई ७५४ या मानकाने बराच आवरला. त्यामागे बर्कलेचे प्रा. विल्यम कहान यांचा मोठा वाटा. १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. या मानकाप्रमाणे ‘डबल’ म्हणजे ६४ बिट, त्यातले अचूकतेचे ५३. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर नेमकं कसं कापायचं, तेही ठरलं.

मग आमचं कुठे अडलं?

झडपेतून जाणाऱ्या पाण्याचा वेग काढायला पातळ्यांतल्या फरकाचं वर्गमूळ लागतं. तलावाची पातळी ‘त’, खाडीची ‘ख’. मी लिहिलं होतं : १९.६ × त − १९.६ × ख, आणि त्याचं वर्गमूळ. आधी तपासणीही ठेवली होती, की ‘त’ हा ‘ख’पेक्षा कमी नसेल तरच झडप उघड. सुरुवातीला दोन्ही पातळ्या सारख्या धरल्या होत्या. फरक शून्य, वर्गमूळ शून्य. यात काय चुकणार?

समजा आपलं मशीन फक्त ३ अंक ठेवतं आणि दोन्ही पातळ्या १.२६ मीटर आहेत. १९.६ × १.२६ = २४.६९६, कापून २४.७. दोन्हीकडे २४.७, वजाबाकी शून्य. माझा लॅपटॉप असंच करत होता.

रूममेटच्या लॅपटॉपमध्ये एआरएम प्रोसेसर आहे. त्यात गुणाकार आणि बेरीज एका दमात करायची सूचना असते, तिला ‘एफएमए’ म्हणतात. ती मधला गुणाकार कापत नाही, शेवटी एकदाच कापते. तिचा कंपायलर न विचारता ती वापरतो. म्हणजे पहिला गुणाकार पूर्ण २४.६९६, दुसरा मात्र कापलेला २४.७. वजाबाकी उणे ०.००४! उणे संख्येचं वर्गमूळ निघत नाही, म्हणून मशीनने उत्तर दिलं ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. गंमत म्हणजे एफएमए जास्त अचूक आहे, आणि तरी आमचं गाडं त्यानेच अडवलं.

पुढचं ऐका, कारण खरी भीती इथे आहे. नॅन एकदा शिरला की प्रत्येक हिशेबात पसरतो. आणि नॅन हा कशाहूनही मोठा नसतो, कशाहूनही लहान नसतो, स्वतःशीसुद्धा समान नसतो. ‘पातळी धोक्यापेक्षा जास्त आहे का?’ याचं उत्तर कायम ‘नाही’. म्हणून रात्रभर ‘सुरक्षित’. मी जिन्यात हे सांगितलं तेव्हा रूममेट म्हणाली, “अगं, म्हणजे खऱ्या तलावावर हे बसवलं असतं तर भोंगा वाजलाच नसता?” नसता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या रात्री असा प्रोग्राम कोणाच्या भरवशावर चालला असता?

आणखी तीन चोरवाटा

एक, जुने ३२ बिटी कंपायलर. आपल्या लॅबच्या जुन्या पीसींवर हिशेब ८० बिटांत होतो आणि मेमरीत ठेवताना ६४ बिटांत कापला जातो. कधी कापायचं ते कंपायलर ठरवतो.

दोन, बेरजेचा क्रम. ३ अंकी मशीनवर १०० मध्ये ०.४ मिळवा, १०० च राहतात. पुन्हा ०.४ मिळवा, तरी १००. पण आधी दोन्ही ०.४ मिळवून ०.८ केले तर उत्तर १०१. एकच बेरीज अनेक प्रोसेसरांत वाटली की क्रम बदलतो. पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० (१९९१) ट्रान्सप्यूटर चिपवर होता, परम १०००० (१९९८) अल्ट्रास्पार्कवर, नंतरचा परम पद्म पॉवर४ वर, आणि त्या शेवटच्यात एफएमए आहे. एकाच संस्थेच्या तीन मशीनवर प्रोग्राम नेताना क्रम आणि काप दोन्ही बदलू शकतात.

तीन, साइन, कोसाइन वगैरे. ही फंक्शन्स शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असावीत अशी सक्ती मानकात नाही. लायब्ररी बदलली की शेवटचा अंक बदलू शकतो. भरतीसाठी आम्ही कोसाइनच वापरला होता!

आम्ही काय बदललं

१. सूत्र फिरवलं : १९.६ × (त − ख). सारख्या संख्यांची वजाबाकी मानक पाळणाऱ्या कुठल्याही मशीनवर शून्यच येते. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि कागदावरच होतो.

२. दोन्ही लॅपटॉपवर ‘एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ हा पर्याय देऊन एफएमए बंद केला. ‘फास्ट-मॅथ’ला हात लावायचा नाही. तो बेरजांचा क्रम बदलतो आणि नॅन नाहीच असं धरून चालतो. जुन्या पीसीवर ‘एसएसई२’ वापरायला सांगितलं.

३. बेरजेचा क्रम पक्का केला.

४. फाइलमध्ये आकडे १७ अंकांपर्यंत लिहिले. तेवढे असले की डबल जसाच्या तसा परत वाचता येतो.

५. तपासणी उलटी केली. ‘पातळी धोक्याच्या खाली आहे’ हे खरं ठरलं तरच ‘सुरक्षित’, नाहीतर ‘धोका’. आता नॅन आला तर भोंगा वाजतो.

६. दोन मशीनची उत्तरं किती जुळायला हवीत हे आधी ठरवलं. तलावासाठी एक सेंटिमीटर पुरे. कोसाइनमुळे पंधराव्या अंकात फरक पडला तर पडू दे.

आठवड्याने आम्ही माझा लॅपटॉप, तिचा लॅपटॉप आणि लॅबचा जुना पीसी शेजारी शेजारी ठेवून प्रोग्राम चालवला. तिन्हींवर पाणी त्याच मिनिटाला धोक्याच्या वर गेलं. मग मुद्दाम जुना प्रोग्राम चालवून नॅनही दाखवला. सर बराच वेळ बघत होते. म्हणाले, “हे रिपोर्टमध्ये का नाही?” आता आहे. शेवटच्या पानावर मशीन, कंपायलर आणि दिलेले पर्याय लिहिलेत.

सबमिशनच्या आधी एवढं करा : आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर एकदा चालवून बघा. आणि चार्जर दोन ठेवा!