दोन वाचक, एक अंक

संशोधकाला आणि शेतकऱ्याला दोघांनाही चालेल असे कृषी नियतकालिक काढायचा बेत परभणीत कोणी केला की जाणकार मंडळी त्याला माझ्याकडे पाठवतात. आम्ही काही मित्रांनी असे षण्मासिक चालवले आणि शेवटी बंद केले. त्यातून हाती लागलेले चार बोल सांगतो.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याचे ‘शेतीभाती’ मासिक शेतकऱ्यांसाठी निघते. शोधनिबंध मात्र १९७६ साली सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ महाराष्ट्र अॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज’सारख्या इंग्रजी नियतकालिकांकडे जातात. भारतीय कृषी संशोधन परिषदेनेही ‘इंडियन फार्मिंग’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल सायन्सेस’ वेगळेच ठेवले आहेत. मधली जागा रिकामी दिसते खरी. ती का रिकामी राहते, हे अंक काढायला बसल्यावर कळते.

पहिली अडचण लेखकांची. प्राध्यापकाच्या बढतीत ‘नास’चे, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे गुण मोजले जातात आणि नव्या नियतकालिकाला ते पहिल्या दिवशी नसतात. त्यामुळे चांगला निबंध दुसरीकडे जातो आणि आपल्याकडे येतो तो मुलाखत तोंडावर आलेला माणूस. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘फी किती आणि स्वीकृतीचे पत्र कधी मिळेल?’ छापण्यासाठी फी घेऊ नका. एकदा ती चालू झाली की लेख नाकारणे जड जाते. आयएसएसएन क्रमांक दिल्लीहून विनाशुल्क मिळतो, पण ती नुसती ओळख आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. मान्य नियतकालिकांच्या सरकारी यादीच्या भरवशावरही राहू नका; विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

निबंधांची वाट पाहण्यापेक्षा ते मागून घ्या. दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत शिफारशी मान्य होतात. शेतकऱ्यापर्यंत त्यातल्या दोन ओळी पोचतात; मागचे प्रयोग फायलीत राहतात. त्या शास्त्रज्ञाला गाठा आणि ते प्रयोग लिहून घ्या.

दुसरी अडचण वाचकांची. आमच्या अंकात पुढे शोधनिबंध आणि मागे शेतकऱ्यांची पाने असत. शेतकरी पुढचा भाग उलटून टाकी, शास्त्रज्ञ मागचा. म्हणून अंकाचे दोन भाग पाडूच नका. प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे पाठवा: एक विषयतज्ज्ञ, दुसरा शेतकरी किंवा कृषी सहायक. रुंद वरंबा सरीवरील सोयाबीनचा लेख घ्या. तज्ज्ञ प्रयोगाच्या पुनरावृत्त्या तपासेल. जिंतूरचा शेतकरी विचारेल, ‘पेरणीच्या घाईत यंत्र कोणाकडून आणू? एका बॅगेला उतारा किती पडला?’ या प्रश्नांनी भाषा तर सुधारतेच, कधी कधी निष्कर्षही बदलतो. त्या शेतकऱ्याला मानधन द्या, परीक्षकांत त्याचे नाव छापा आणि लेख परत पाठवण्याचा हक्कही द्या.

शेतकऱ्याच्या अनुभवालाही तितकीच कडक कसोटी लावा. वाण, पेरणीची तारीख, पाऊस, खर्च आणि शेजारच्या नेहमीच्या पद्धतीच्या रानाचा उतारा यांशिवाय विक्रमी उत्पन्नाची कथा छापू नका. फसलेले प्रयोगही छापा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा कोणत्या रानात काय केले आणि काय उपयोगी पडले नाही, याच्या नोंदी संशोधकालाही हव्या असतात.

तिसरी गोष्ट वेळेची. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या सुमारास खरीप मेळावा भरतो. खरिपाचा अंक तेव्हा मेळाव्यात मांडलेला हवा, रब्बीचा ऑगस्टअखेर निघायला हवा. जुलैत निघालेला खरिपाचा अंक रद्दीतच जातो. खरिपाच्या अंकाचे लेख डिसेंबरातच हातात हवेत.

कायदाही पाहून घ्या. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याने निव्वळ शास्त्रीय व शैक्षणिक नियतकालिकांना आपल्या व्याख्येतून वगळले आहे. तुम्ही घडामोडी आणि त्यांवरची टिप्पणी छापू लागलात की प्रश्न बदलतो. सल्ला आधी घ्या. जाहिरातींचा नियमही पहिल्या अंकाआधी लेखी करा. एका कंपनीने पानभर जाहिरातीसोबत आपल्याच औषधावरचा ‘शास्त्रीय लेख’ आम्हाला पाठवला होता. कागदवाल्याचे बिल थकलेले असताना असा लेख परत करायला लेखी नियमच कामी येतो.

असे नियतकालिक अशक्य नाही. ‘कॅलिफोर्निया अॅग्रिकल्चर’ १९४६ साली निघाले आणि तज्ज्ञांनी तपासलेले संशोधन सोप्या भाषेत देत आले. पण त्यामागे विद्यापीठ उभे आहे. तुमच्यामागे कोण आहे, हे आधी ठरवा. दोन वर्षांचा खर्च आणि दोन अंकांचा मजकूर हाती असेल तरच घोषणा करा. नसेल तर आहे त्या मासिकाच्या संपादकांना भेटा आणि त्यांच्या चार पानांपुरती दोन परीक्षकांची पद्धत सुरू करून द्या. नवे नाव निघणार नाही, पण काम सुरू होईल.